शाळा सोडल्याचे कारण

कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहर अंगणात पडायला लागला की मला राग येतो. झाडाचा त्यात काही दोष नाही. या दिवसांत लोकांना कैऱ्या आठवतात, वाळवणं आठवतात, सुट्टीत मामाच्या गावी जाणं आठवतं. मला एक रकाना आठवतो. हातभर कागदावरचा, दोन बोटं उंचीचा रकाना. तो मी माझ्या हातानं, माझ्या सुरेख अक्षरात भरला होता.

निवृत्त झाल्यापासून मी लातूरला राहते. सकाळी फिरायला बाहेर पडले की चौकाचौकात पोरांचे चेहरे बघावे लागतात. एवढाले फलक. कुणाचे गुण, कुणाचा क्रमांक, खाली क्लासवाल्याचा हात जोडलेला फोटो. एका शाळेच्या फलकावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘निकालाची शंभर टक्के परंपरा कायम’. मी रोज त्याच्यासमोर थांबते आणि रोज मनातल्या मनात भांडते. शंभर टक्के कुणाचे? जे बसले त्यांचे. ज्यांना बसूच दिलं नाही, त्यांचे टक्के कुणी धरायचे? शेजारच्या फळवाल्याला वाटत असेल, या म्हातारीला कुणीतरी नातू दिसतो तिथं.

आणि तो दुसरा शब्द. गळती! शाळा अर्ध्यात सुटलेल्या पोरांना सरकारी भाषेत गळती म्हणतात. पोरं म्हणजे काय नळाचं पाणी आहे, वायसर खराब झाला म्हणून टपटप गळायला? मी नोकरीत असताना यावर प्रशिक्षणं व्हायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, गार झालेला चहा, आणि फळ्यावर ‘गळतीची कारणे’. गरिबी. स्थलांतर. बालविवाह. आणि ठरलेलं शेवटचं, पालकांची उदासीनता. आम्ही सगळे शिक्षक ते वहीत उतरवून घ्यायचो. ही कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. ऊसतोडीला गेलेली पोरं मी पाहिली आहेत, परकराच्या वयात हळद लागलेल्या पोरी पाहिल्या आहेत. पण त्या यादीत आमचं नाव कधीच नसायचं. फळ्यावर लिहिणारा आमच्यातलाच असायचा ना.

पालकांची उदासीनता म्हटलं की मला मौलाभाई आठवतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मौलाभाई मुखेडचे बांगडीवाले. आठवडी बाजारात त्यांचं पाल असायचं, नवरात्रात ते माहूरच्या गडावर जायचे, आणि लग्नसराईत घरोघरी बांगड्या भरायला. पाठीवर बांगड्यांचं ओझं, तोंडात पान, आणि बोलणं इतकं मऊ की म्हाताऱ्या बायाही त्यांच्यापुढे हात लहान मुलीसारखा पुढं करायच्या. भरता भरता एखादी काचेची बांगडी तडकायची. नवी नवरी दचकायची. मौलाभाई लगेच म्हणायचे, “वाढवली बाई, वाढवली. फुटली म्हणू न्हाई.” बांगडी फुटत नाही, वाढवतात. आपल्याकडं सगळेच असं म्हणतात. पण समोरच्या बाईच्या जिवाला लागू नये म्हणून शब्द जपून वापरायचा असतो, हे मी त्यांच्याकडं बघून शिकले. शब्द आम्हीही जपूनच वापरत होतो. फक्त आम्ही स्वतःला जपत होतो.

त्यांची लेक तस्लीम माझ्या वर्गात, नववीला. मी मुखेडच्याच शाळेत मराठी शिकवायची. तस्लीमच्या हातात कधी दोन सारख्या बांगड्या नसायच्या. एक हिरवी, एक जांभळी, एक सोनेरी ठिपक्यांची. जोड मोडून उरलेल्या बांगड्या विकल्या जात नाहीत, त्या हिच्या हातात यायच्या. लिहिताना त्यांची किणकिण व्हायची आणि मागच्या बाकावर कोण लिहितंय हे मला न बघता कळायचं. माझं अक्षर बघून बघून तिनं स्वतःचं अक्षर घडवलं होतं. माझा ‘ल’ खाली जरा वळतो, तिचाही वळायचा. गणित मात्र कच्चं. भाग द्यायचा म्हटलं की पोरगी घामाघूम व्हायची. बाजाराच्या दिवशी ती बापाच्या पालावर, नवरात्रात माहूरला, तेवढे तास बुडालेले, आणि ते परत कुणी शिकवलेले नाहीत. मीही नाही. माझा विषय गणित नव्हता, ही माझी सोय होती.

त्या वर्षीचा एप्रिल मला वासानं आठवतो. सकाळची शाळा. माठाखालच्या ओल्या वाळूचा वास, नव्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा वास, आणि खिडकीतून आत येणारा कडुनिंबाचा तो कडूगोड वास. नववीचा मराठीचा पेपर होता. पत्रलेखनात विनंतीपत्र आलं होतं. मी वर्षभर घोकून घेतलं होतं, पोरांनो, काहीही विसरा, शेवटची ओळ विसरू नका, ‘ही नम्र विनंती’. ती नसेल तर मी मार्क कापीन. तस्लीमनं पत्र अप्रतिम लिहिलं होतं. पूर्ण गुण दिले मी. गणितात आणि इंग्रजीत ती गेली.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. आठवीपर्यंत सगळ्यांना ढकलत आणायचं आणि नववीला चाळण लावायची. दहावीच्या निकालाला जे ओझं होतील असं वाटेल, त्यांच्या आईबापांना बोलवायचं आणि दाखला हातात द्यायचा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बैठकीत हेडसर फक्त म्हणायचे, “यंदा किती जणांना बाहेरून बसवायचं, बघून घ्या.” आणि आम्ही बघून घ्यायचो. माझं अक्षर चांगलं, म्हणून दाखले भरायचं काम माझ्याकडं. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, वर्तणूक चांगली. आणि मग तो रकाना, ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथं काय लिहायचं ते ठरलेलं होतं. ‘पालकांच्या विनंतीवरून’. एकेका मे महिन्यात मी हे शब्द इतक्या वेळा लिहिले की पेन आपोआप चालायचं.

मौलाभाई आले तेव्हा त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि पान खाल्लेलं नव्हतं. हातात घडी केलेला कागद होता. आपल्याला कशाला बोलावलंय याचा त्यांना अंदाज असावा. त्यांनी कागद हेडसरांपुढं ठेवला. अर्ज होता. मी लांबूनच ओळखला, कारण त्यातला ‘ल’ खाली वळलेला होता. लेकीनं बापासाठी लिहिलेला अर्ज. ‘माझी मुलगी तस्लीम हिला दहावीच्या वर्गात बसू द्यावे, ती मन लावून अभ्यास करील, ही नम्र विनंती.’ खाली मौलाभाईंची वेडीवाकडी सही.

हेडसरांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, “मौलाभाई, पोरगी हुशार हाय, पण गणितात न्हाई निघायची. तिला आपण बाहेरून बसवू. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. परीक्षा तीच, बोर्ड तेच. फक्त बाहेरून.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत नाव न ठेवता खासगी परीक्षेला बसायचं. हे आम्हाला माहीत. मौलाभाईंना कुठून माहीत असणार?

“भाईरून?” त्यांनी विचारलं.

“हाव. बाहेरून बसायचं.”

मौलाभाईंनी दारातून व्हरांड्याकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “चालंल की साहेब. आत जागा नसंल तर न्हाई सही. भाईर बसंल. पोतं देतो म्या तिला बसायला.” मग जरा घाबरत, “पर भाईरून फळा दिसंल न्हवं?”

लेखनिक खोटा खोकला काढून हसले. हेडसरांनी माझ्याकडं बघितलं, मग मौलाभाईंकडं. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ‘अहो मौलाभाई, तसं नाही, शाळेतून नाव काढावं लागेल.’ एवढंच. हेडसर म्हणाले, “दिसंल, दिसंल.”

आणि मी? मीही ओठातल्या ओठात हसले होते. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. गंमत वाटली होती मला. बाहेरून बसायचं म्हणजे व्हरांड्यात बसायचं! त्या हसण्याची आज मला जेवढी शिसारी येते तेवढी हेडसरांचीही येत नाही.

हेडसरांनी तो अर्ज फायलीला लावला. “झालं की बाई, पालकांची विनंती आलीच आहे. लिहा.” मी लिहिलं. मौलाभाई वाकून बघत होते. “काय लिवलं बाई?”

मी वाचून दाखवलं. “पालकांच्या विनंतीवरून.”

तो माणूस हरखला. विनंती मान्य झाली असंच वाटलं त्यांना. दुसरं काय वाटणार? त्यांनी विनंती केली होती, आणि साहेबांनी शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं की विनंतीवरून. “मेहेरबानी, लई मेहेरबानी,” म्हणत त्यांनी मला सलाम केला. शाई ओली होती म्हणून कागद दोन बोटांत कडेनं धरून, वाऱ्यावर हलवत ते पायऱ्या उतरून गेले. पालकांची उदासीनता म्हणे! लेकीसाठी व्हरांड्यातली जागा आनंदानं मागून घेणारा बाप मी नंतर कधी पाहिला नाही.

जून. शाळा भरली. दहावीच्या वर्गावर माझा पहिला तास होता. हजेरी घेतली, तस्लीमचं नाव नव्हतंच. धडा काढला आणि बाहेरून किणकिण ऐकू आली. खिडकीत जाऊन बघितलं. व्हरांड्यात, खिडकीच्या बरोबर खाली, पोतं अंथरून तस्लीम बसली होती. दोन वेण्या, नवी रिबिन, मांडीवर वही. तिनं वर माझ्याकडं बघितलं आणि उभी राहिली. वर्गात शिक्षक आले की उभं राहायचं असतं, म्हणून.

मी काय केलं? मी मोठ्यांदा शिकवायला लागले. तिला ऐकू जावं म्हणून. फळ्यावर लिहिलेलंही सगळं वाचून दाखवायला लागले. आणि मनातून मला फार चांगलं वाटत होतं बरं का, आपण पोरीसाठी केवढं करतो आहोत असं. चार दिवस माझं हे पुण्यकर्म चाललं. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं होती. ती चालत जाऊन ‘आत ये’ म्हणणं मला चार दिवसांत जमलं नाही.

गणिताचे सर त्यांच्या तासाला खिडकी लावून घ्यायचे. पावसाची एक सर आली तेव्हा ती पोतं गुंडाळून भिंतीला चिकटली आणि सर ओसरल्यावर पुन्हा बसली. शिवलिंगप्पा शिपाई होते आमचे, कपाळावर भस्माचे पट्टे, कुणाशी जास्त न बोलणारे. त्यांनी पाण्याचा माठ उचलून तिच्याजवळ आणून ठेवला. पाचव्या दिवशी ते माझ्याकडं आले. “बाई, हेडसर म्हणून राहिले, साहेब तपासणीला यायलेत, त्या लेकराला उठवा. मला न्हाई जमत. तुम्ही सांगा.”

“तुम्हीच सांगा,” मी म्हणाले.

सहाव्या दिवशी व्हरांडा मोकळा होता. सतरा नंबरचा फॉर्म कुणी भरला नाही. भरायचा असतो हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले. मीही खाल्ला.

आता कुणी विचारेल, एवढी वर्षं झाली, बाई आत्ताच का चिडल्या? तर मी चिडत आलेच आहे, दर वर्षी मोहर पडला की. पण यंदाचं निमित्त वेगळं आहे. पंधरा दिवसांपूर्वी मुखेडला गेले होते, जुन्या सहकारी मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. एसटीच्या खिडकीतून पळस बघत गेले. लग्नघरात चुडा भरायचा कार्यक्रम होता. बैठकीत सतरंजीवर बांगडीवाली बसली होती, भोवती बायकांचा गलका. माझी पाळी आली. मी हात पुढं केला. तिनं माझा तळवा दोन्ही हातांत घेऊन चेपला.

“हात ढिला सोडा, बाई.”

मला सोडता येईना. बांगडीवालीचं स्वतःचं मनगट माझ्या डोळ्यासमोर होतं. एक हिरवी, एक जांभळी, एक ठिपक्यांची.

“वळखलं न्हाई व्हय?” ती म्हणाली. “म्या तस्लीम. अब्बा गेले, आता म्याच भरते.”

मी काहीतरी पुटपुटले. बरी आहेस का, कुठं दिलं तुला, मुलंबाळं. ती एकेक बांगडी चढवत सांगत होती. दिलं गावातच. एक पोरगी, सानिया, नववीला. आपल्याच शाळेत. मग माझ्या मनगटाकडंच बघत, आवाज न चढवता म्हणाली, “दाखला म्या त्याच दिवशी वाचला होता, बाई.”

मला वाटलं होतं, तिलाही बापासारखंच वाटलं असणार. मी इतकी वर्षं तसंच धरून चालले होते.

“अब्बा लई खुश होते. सगळ्या गल्लीला दाखवून आले. मग काय सांगू त्यांना? बसले जाऊन भाईर.” एक बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली, तिनं हलकेच फिरवून ती पुढं सारली. “आन मला वाटलं, अक्षर बाईंचं हाय. बाई बोलवतील आत.”

गलका चालू होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं. माझा हात तिच्या हातात होता आणि तो मला ओढून घेता येत नव्हता.

“तस्लीम, माझं चुकलं,” मी म्हणाले. इतक्या वर्षांनी, बांगड्यांच्या ढिगासमोर, एवढंच सुचलं.

“हाव. चुकलं तुमचं,” ती म्हणाली. नाही नाही, असं काही नाही बाई, असं ती म्हणाली नाही, आणि मला तिचा फार आदर वाटला. मग तिनं पिशवीतून एक कोरा कागद काढला. घडी न पडलेला, पुठ्ठ्यात जपून आणलेला. मी लग्नाला येणार हे तिला कळलेलं होतं.

“शाळेतून निरोप आलाय. सानियाचं गणित कच्चं हाय म्हणे, भाईरून बसवा. परीक्षा व्हायच्या आधीच दाखला काढायला सांगून राहिले. अर्ज लिवून द्या मला. तुमच्या अक्षरात.”

“मी उद्या येते तुझ्याबरोबर शाळेत,” मी म्हणाले. “बोलते त्यांच्याशी.”

“नगं. तुम्ही लिवा फकस्त. द्यायला म्या जाते.” आणि मी पेन उघडल्यावर म्हणाली, “बाई, त्यात विनंती लिवू नका.”

मी लिहायला बसले. भरलेल्या हातानं लिहिताना बांगड्यांची किणकिण होत होती, आणि चाळीस वर्षांची सवय अशी की शेवटच्या ओळीला पेन आपोआप ‘ही नम्र’पर्यंत गेलं. मी ते दोन शब्द गिचमीड करून खोडले. आयुष्यात माझ्या कागदावर एवढी घाण खोड कधी पडली नव्हती. तस्लीमनं कागद हातात घेतला आणि वर्गात वाचायची तशा खड्या आवाजात वाचला. ‘माझी मुलगी सानिया हिचा दाखला मी काढणार नाही. ती दहावीला याच शाळेत, आत, बाकावर बसेल.’

बायका गाणं सोडून आमच्याकडं बघत होत्या. तस्लीमनं सही केली, तिचा ‘ल’ अजून तसाच वळतो. मग कागद परत माझ्यापुढं ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“ह्ये ‘आत’ जरा ठळक करा, बाई.”